अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री

मनू तेव्हा तिसरीत होती. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि ती ओट्याजवळ पाटावर बसून शुद्धलेखन काढत होती. "आई, माझी बोटं बघ कशी करतायत," असं म्हणाली. लिहून लिहून हात दुखला असेल असं मला वाटलं. वळून बघते तर पेन्सिल खाली पडलेली आणि उजव्या हाताची बोटं आपोआप आखडत होती, सुटत होती. मग मनगट उडायला लागलं, मग कोपर, मग ओठाचा उजवा कोपरा वर ओढला गेला. डोळे माझ्याकडेच होते. तिला सगळं कळत होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. बघता बघता सगळं अंग ताठ झालं आणि झटके सुरू झाले.

द्राक्षांचा हंगाम होता, मनूचे पप्पा बागेत. घरी मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. माझ्या ओरडण्याने शेजारचे धावत आले, त्यातल्या एकाने चप्पल हुंगवली, दुसऱ्याने दातखीळ बसली म्हणून चमचा शोधला. सगळी मायेची माणसं. आणि मी पंधरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तरी मलाही माहीत नव्हतं की अशा वेळी मुलाला कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. ती फिट किती वेळ चालली हे मी आजही सांगू शकत नाही. नंतर जवळजवळ तासभर तिचा उजवा हात लुळा होता. पाण्याचा पेला धरायला गेली तर निसटून पडला. माझ्या पोटात त्या वेळी जो गोळा आला तो कित्येक दिवस गेला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनमधून फिटचं औषध दिलं, सीटी स्कॅन काढला. डोक्यात डाव्या बाजूला लहानशी गाठ निघाली. "टीबीची गाठ असणार, एकेटी सुरू करू," असं सांगितलं. टीबीची औषधं लगेच चालू झाली. लघवी केशरी व्हायची, पोटात मळमळायचं, मनू ताटावरून उठायची. अकराव्या दिवशी दुसरी फिट आली, तेव्हा तिला तसंच गाडीत घातलं आणि मिरज गाठली.

मिरजेला मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर मॅडमनी आधीचा सीटी बघितला, मनूला एका रेघेवरून चालायला लावलं, बोटाने नाकाचं टोक शिवायला सांगितलं आणि डाय घालून एमआरआय करायला पाठवलं. टीबी आहे का बघायला छातीचा एक्स-रे आणि हातावर मॅन्टूची सुई हेही झालं. मॅन्टू तिसऱ्या दिवशी बघतात, तिथे काही उठलं नाही. एक्स-रे साफ होता.

एमआरआय आल्यावर मॅडमनी आम्हा चौघांना आत बोलावलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. काळ्या-करड्या चित्रात बांगडीसारखं एक पांढरं वर्तुळ होतं. अकरा मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याहून थोडंसं मोठं. भोवती सुजेचा धूसर पट्टा. वर्तुळाच्या आत, मधोमध नाही तर एका कडेला, एक बारीक ठिपका. मॅडमनी पेनचं टोक त्या ठिपक्यावर ठेवलं. "ताई, हे जंताचं डोकं आहे."

आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसरकोसिस. पट्टकृमी नावाचा जंत असतो, टेपवर्म म्हणतात तो, त्याची अळी मेंदूत जाऊन बसते आणि तिची पुटकुळी होते. आपल्याकडे मुलांना अशा फिटा आल्या की डोक्यात बऱ्याचदा हेच एकुलतं वर्तुळ सापडतं. ते टीबीचं समजून एकेटी देणं ही पूर्वी देशभर पडलेली पद्धत होती, असं मॅडमनी सांगितलं. मग १९९० च्या आसपास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या मेंदूच्या सर्जननी अशा गाठी काढून तपासल्या आणि त्यात बहुतेक ठिकाणी जंत निघाला. गाठ वीस मिलिमीटरच्या आत आहे, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नाही, मूल बाकी ठणठणीत आहे, तर आधी जंताचा विचार करायचा, ही खूण तेव्हापासून ठरली. एकेटी त्याच दिवशी बंद झाली. तालुक्याच्या डॉक्टरांचा राग मला आला होता, खोटं कशाला बोलू. पण साध्या सीटीवर तो आतला ठिपका दिसलाच नव्हता, हेही खरं.

हा जंत डुकराच्या मांसातून येतो म्हटल्यावर सासरे खुर्चीवरून उठले. ते माळकरी. आमच्या घरात कोंबडीचं अंडंसुद्धा शिजत नाही. "डॉक्टर, आमच्या घरात असलं काही होत नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. मॅडमनी त्यांना बसवलं आणि एका पाकिटाच्या मागे दोन बाण काढले. अर्धं-कच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात लांबलचक जंत वाढतो. त्या माणसाला पुष्कळदा कळतही नाही. त्याच्या विष्ठेतून जंताची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. हात न धुता त्याने कशाला हात लावला, किंवा उघड्यावर बसल्याने ती अंडी पाण्यात, भाजीवर गेली, तर ती कुणाच्याही पोटात जाऊ शकतात. अंड्यातून निघालेली अळी आतड्यातून रक्तात शिरते आणि मेंदूत जाऊन अडकते. "काका, मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो. मेंदूत गाठ होते ती जंताची अंडी पोटात गेलेल्याला. तुमच्या नातीने फक्त कुठेतरी काहीतरी खाल्लं किंवा प्यायलं, एवढंच." सासऱ्यांनी ते पाकीट घडी करून खिशात ठेवलं. गावात कुणी काही बोललं की ते काढून दाखवत.

कोबीमुळे मेंदूत किडा जातो असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. कोबीचा स्वतःचा असा काही दोष नाही. मातीजवळ वाढणारी, कच्ची खाल्ली जाणारी कुठलीही भाजी त्यात आली. आम्ही तर मेथीची कोवळी जुडी कच्चीच भाकरीबरोबर खातो, काकडी शेतातच धोतराला पुसून खातो.

मग मी शोध सुरू केला. शाळेची सहल, यात्रेतली पाणीपुरी, बागेत काम करणाऱ्या टोळीचं रांजणातलं पाणी, सगळं आठवून आठवून वहीत लिहिलं. बागेत छाटणीला येणाऱ्या एका बाईच्या हातचा चहा मनू प्यायची. त्या बाईच्या हातचं काही घेणं मी दोन महिने टाळलं. तिला ते कळलं असणार. मॅडमनी ती वही बघितली आणि म्हणाल्या, फिट यायच्या आधी ही गाठ कित्येक वर्षं गप्प बसलेली असू शकते, मनू अंगणवाडीत असताना सुद्धा ते अंडं पोटात गेलेलं असेल. वही मी घरी येऊन फाडली. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी मात्र त्यांनी करायला लावली, तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने. सासूबाईंना ते फार लागलं. "ह्या वयात हे बघायचं राहिलं होतं," म्हणत त्यांनी डबी दिली. कुणाच्यातच काही निघालं नाही.

आता औषध. दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिनाला मी स्वतः वर्गात उभी राहून मुलांना अल्बेन्डाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देते, "चावून खा रे" म्हणत. मॅडमनी चिठ्ठीवर अल्बेन्डाझोल लिहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, एवढंच? ही तर आमच्या शाळेच्या कपाटात आहे. मनूच्या पप्पांनी तर विचारलंच, मग मिरजेला राहायची काय गरज?

मॅडमनी जे सांगितलं ते मी जवळजवळ तसंच्या तसं लिहिते, कारण कुठल्याही आईबापाने हे आधी ऐकावं असं मला मनापासून वाटतं. जंत जिवंत असतो तोवर मेंदूत गपगार असतो, शरीराला आपला पत्ता लागू देत नाही. तो मरायला लागला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं, भोवती सूज येते आणि त्या सुजेने फिट येते. औषधाने जंत एकदम मारला की ही सूज आणखी वाढू शकते. म्हणून आधी सूज आवरणारं स्टिरॉइड सुरू करायचं, फिटचं औषध नीट बसवायचं आणि मगच अल्बेन्डाझोल. क्रम चुकला तर औषधच अंगावर येतं. "मग तो मरतोच आहे तर मारायचं औषध कशाला?" हा मनूच्या पप्पांचा पुढचा प्रश्न. त्या अजिबात वैतागल्या नाहीत. एकच गाठ असेल तर ती पुष्कळदा आपोआपही विरते, म्हणाल्या. पण चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात मुलांवर चाचणी झाली, १९९८ साली ती छापून आली, अर्ध्यांना अल्बेन्डाझोल आणि अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषध घेतलेल्यांच्या गाठी लवकर विरल्या.

त्याआधी डोळे तपासायचे होते. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतला पडदा बघितला. तिथे जंत असेल आणि औषधाने मेला तर त्या सुजेने नजर जाऊ शकते. दोन्ही डोळे स्वच्छ होते. रक्त आणि लिव्हरची तपासणी झाली.

मनूचं वजन २६ किलो. दर किलोला दिवसाला पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे ३९०, म्हणून ४०० ची एक गोळी. अर्धी सकाळी, अर्धी रात्री, चौदा दिवस. मी जी गोळी मुलांना एकदाच देते ती. फिटसाठी लेवेटिरासेटामचं पातळ औषध, सुई नसलेल्या छोट्या सिरिंजने अडीच मिली सकाळी आणि अडीच मिली रात्री. प्रेडनिसोलोन, म्हणजे ते सुजेचं स्टिरॉइड, दोन दिवस आधी सुरू झालं.

अल्बेन्डाझोल उपाशीपोटी द्यायचं नाही, तुपा-दुधाबरोबर दिलं तरच ते नीट अंगात जिरतं, असं सांगितल्यावर सासूबाईंना जणू काम मिळालं. इतके दिवस त्या कोपऱ्यात बसून नुसतं नाव घेत होत्या. दुसऱ्या दिवसापासून डब्यात तूप, शेंगदाण्याचे लाडू, सायीचं दूध. गोळी मी मोडायची आणि लाडवाचा घास त्यांनी भरवायचा, असं आमचं ठरलं.

पहिले तीन दिवस आम्ही वॉर्डात होतो. शेजारच्या खाटेवर विजापूरकडचा सहा-सात वर्षांचा मुलगा होता. त्याचाही हाच आजार, पण त्याच्या एमआरआयमध्ये एक वर्तुळ नव्हतं, सगळा मेंदू चांदण्यांसारख्या ठिपक्यांनी भरलेला होता. तो झोपेतच असायचा, मधूनच कण्हायचा. त्याची आई अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायची. तिने माझ्या हातातली स्ट्रिप बघितली आणि राउंडला आलेल्या मॅडमच्या पाया पडायला गेली, माझ्या पोरालाही हीच गोळी द्या म्हणून. मॅडमनी तिला उठवलं, तिच्या शेजारी खाटेवर बसल्या आणि सांगितलं, इतके जंत एकाच वेळी मेले तर तुझ्या बाळाचं डोकं सुजेने फुगेल, जीवावर बेतेल. त्याला फक्त सूज उतरवायचं आणि फिटचं औषध. तिला ते पटत नव्हतं. रात्रभर ती माझ्या स्ट्रिपकडे बघत होती आणि मी ती पदराखाली धरून बसले होते. आम्ही निघालो तेव्हा त्याने डोळे उघडून पाणी मागायला सुरुवात केली होती. पुढे त्याचं काय झालं हे मला कळलं नाही. नंबर घ्यायचं सुचलं नाही याची आजही चुटपुट आहे.

घरी आलो त्या पहिल्याच रात्री, औषधाच्या चौथ्या दिवशी, मनूचं डोकं ठणकायला लागलं. दोनदा उलटी झाली. साडेदहाला परत तीच बोटं, तेच मनगट. या वेळी मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी शाल घातली आणि मोबाइलवर वेळ बघितली. दहा बत्तीस. मिडाझोलमचा नाकात मारायचा फवारा दिला होता, फिट पाच मिनिटांवर गेली तर वापरायचा. टोपण काढून तो उजव्या हातात धरला. दहा तेहेतीस. सासूबाई दारात उभ्या होत्या, हात रिकामे. दहा चौतीस. मनूच्या पप्पांनी गाडी सुरू करून ठेवलेली, इंजिनाचा आवाज येत होता. दहा पस्तीस झाले आणि फवाऱ्यावरचं माझं बोट घामाने सटकायला लागलं. दहा छत्तीसला हात सैल पडला आणि मनूने एक लांब श्वास सोडला. फवारा लागला नाही.

रात्रीतच मिरजेला गेलो. मला वाटलं आता औषध बंद करणार, आणि खरं सांगते, मला ते बंद व्हायला हवंच होतं. मॅडमनी तपासलं, एक रात्र ठेवून घेतलं, फिटच्या औषधाचा डोस चार मिलीवर नेला आणि अल्बेन्डाझोल चालूच ठेवलं. जंत मरतोय त्याची ही सूज आहे, मध्येच सोडलं तर हे सगळं सोसून पदरात काही पडणार नाही, म्हणाल्या. उरलेले दहा दिवस मी रात्री जागून काढले. पुन्हा काही झालं नाही.

त्या चौदा दिवसांच्या गोळ्यांना दीडशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. एमआरआयला साडेसात हजार मोजले होते.

स्टिरॉइडने मनूचा चेहरा गोल झाला, भूक अशी लागायची की रात्री दोनला उठून पोळी मागायची. ते एकदम थांबवायचं नसतं, पायरी पायरीने कमी करतात, त्यातही दोन-तीन आठवडे गेले. लेवेटिरासेटामने मात्र आम्हाला वेगळंच काही दाखवलं. माझी शहाणी पोर चिडचिडी झाली. एकदा शाळेत डबा फेकला, एकदा आजोबांवर ओरडली आणि मग स्वतःच रडत बसली. मी तिला रागावले. नंतर कळलं की या औषधाने काही मुलांचा स्वभाव असा होतो. हे आधी माहीत असतं तर त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं असतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लक्ष ठेवलं, आणि दोनेक महिन्यांत ते बरंच निवळलं.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. वर्तुळ गेलेलं, सूज गेलेली. त्या जागी मोहरीएवढा पांढरा ठिपका. जंत मेला आणि त्याच्या जागी चुन्याचा खडा राहिला, कॅल्सिफिकेशन म्हणतात. त्याला आता जंताच्या औषधाचा उपयोग नाही. गाठ पूर्ण विरली असती तर फिटचं औषध लवकर थांबवता आलं असतं. खडा राहिला की त्याच्यामुळेही फिट येऊ शकते, म्हणून शेवटच्या फिटेपासून निदान दोन वर्षं औषध. मनूच्या पप्पांनी परतीच्या वाटेत गाडी कडेला लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही दोघंही त्या चौदा गोळ्यांनी सगळं संपेल असं धरून चाललो होतो.

आता सव्वा वर्ष झालं, फिट नाही. सकाळी आठ आणि रात्री आठ, रोज. आमच्या घरात बागेच्या फवारणीचं वेळापत्रक चुकतं, हे चुकत नाही. कुणाकुणाच्या सांगण्यावरून मध्येच औषध सोडलेली दोन मुलं आमच्याच पंचक्रोशीत आहेत आणि दोघांनाही परत फिट आली, म्हणून आम्ही कुणाचं ऐकत नाही. मेथी अजून खातो, वाहत्या पाण्याखाली पानन् पान धुऊन आणि शिजवून. शाळेत जंतनाशक दिनाला गोळी देण्याआधी मी प्रत्येक मुलाच्या घरी विचारते, कधी फिट आली होती का, काही औषध चालू आहे का. असेल तर त्याची गोळी बाजूला ठेवते आणि पालकांना आधी डॉक्टरांकडे पाठवते.

गेल्या महिन्यात मनूच्या शाळेची सहल पन्हाळ्याला गेली. पहिल्यांदाच ती आमच्याशिवाय रात्री बाहेर राहणार होती. मी तिच्या बाईंसाठी एक कागद लिहिला: औषध किती, कधी, आणि फिट आली तर काय करायचं. कुशीवर वळवा. वेळ बघा. तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांवर गेली तर फवारा, आणि दवाखाना. मनूने कागद माझ्या हातातून घेतला, वाचला आणि पेन्सिलीने खाली लिहिलं, "कांदा नको." मी विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी सगळ्यात शेवटी तिला कांद्याचाच वास आला होता.